तीन होकार, एक अस्वल

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही एक अस्वल आहात. जंगलातलं नव्हे, भाड्याचं. तुमचं कातडं तपकिरी लोकरीचं आहे, डाव्या कानाला टाका घातलेला आहे, पोटावरची चेन अर्ध्यात अडकते, आणि वर्षातले बहुतेक दिवस तुम्ही एका दुकानातल्या खुंटीला लटकून काढता. आता अशी कल्पना करा की एके दिवशी सकाळी एका शाळेच्या बाई, दुसऱ्या शाळेचे सर आणि दुसरीतली एक मुलगी तुमच्यासमोर येऊन उभी राहतात, आणि तिघंही म्हणतात, हे अस्वल आमचं. तिघांच्या हातात पावती. तिन्ही पावत्या खऱ्या. अस्वल एकच. तुम्हाला कसं वाटेल?

त्या अस्वलाला काय वाटलं ते मला माहीत नाही, ते काही बोललं नाही. मला मात्र घेरी आली. कारण त्या पावत्या ज्या यंत्रणेनं दिल्या होत्या ती निवडून आणणारा शहाणा मीच होतो, आणि ती दुसरीतली मुलगी माझी नात होती.

आमच्या सूनबाईंचं नाटकाचे पोशाख भाड्यानं देण्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर, मोठा आरसा आणि मुकुटांचं कपाट. मागच्या खोलीत भिंतभर खुंट्या. एका बाजूला राजे, समोर प्राणी, दोरीवर पऱ्या. कोपऱ्यात झाडांचा ढीग, कारण झाडं सगळ्यांनाच लागतात. शाळेच्या नाटकात जी मुलं अजिबात बोलत नाहीत त्यांना झाड करतात, आणि जी फार बोलतात त्यांनाही झाडच करतात. आमची नात या दुसऱ्या जातीतली. घरात तिला सगळे ठिणगी म्हणतात. शाळेत गेल्यापासून दरवर्षी ती झाड होत आली होती.

दुकानात नोंद ठेवायची सूनबाईंची स्वतःची एक रीत होती. कुणी पोशाख सांगून ठेवला की ती एका कापडी चिंधीवर शाळा आणि तारीख लिहायची आणि ती चिंधी सेफ्टीपिननं त्या पोशाखालाच टोचायची. वाघाच्या शेपटीला, राजाच्या कमरपट्ट्याला, अस्वलाच्या कानाला. दुसरं कुणी तोच पोशाख मागायला आलं की ती उठून आत जायची, कान बघायची आणि बाहेर येऊन सांगायची. आता एका कानाला एकाच तारखेच्या दोन चिंध्या काही टोचता येत नाहीत. दुसरी टोचायला जावं तर पहिली हाताला लागते. कधीकधी पिनच लागते.

या रितीत खोट एवढीच, की वेळ लागायचा. कारण पोशाख सांगायला लोक आणखी दोन ठिकाणी यायचे. एक आमचं घर, तिथे फोनवर आमची ही. दुसरं व्याह्यांचं, म्हणजे सूनबाईंच्या वडिलांचं, वह्या-पेन्सिलींचं दुकान. ते शाळांच्या रस्त्यावर आहे. या दोघांनी दुकानात फोन करायचा, सूनबाईंनी आत जाऊन कान बघायचा, तोवर समोरच्या माणसानं उभं राहायचं. व्याह्यांना ते फार लागायचं. एकदा एक बाई वाट बघून बघून शेवटी डझनभर वह्या घेऊन गेल्या, हे त्यांनी मला तक्रारीच्या सुरात सांगितलं. वह्या विकल्या गेल्याचं दुःख झालेला वह्यांचा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

मी नुकताच निवृत्त झालो होतो. निवृत्त शिक्षकाला घरात कुणीतरी अडाणी लागतं. आमच्याकडे तसं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी दुकानालाच शिकवायचं ठरवलं. सगळ्या पोशाखांची माहिती कॉम्प्युटरवर ठेवायची, तिन्ही ठिकाणी ती दिसली पाहिजे, कुणी ताटकळायचं नाही. अशा माहितीच्या कोठाराला डेटाबेस म्हणतात. मला वाटलं, बाजारात जायचं, चांगलासा एक बघायचा आणि घेऊन यायचा. कपाट आणतात तसं.

ही गोष्ट मी जिन्यात बोललो, आणि तिथेच चुकलो.

शेजारी राहणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेत. त्यांना सगळे बँकवालेच म्हणतात. ते त्याच दिवशी पट्टी आणि कागद घेऊन घरात आले. त्यांचं म्हणणं, डेटाबेस एकच खरा, तो म्हणजे तक्त्यांचा. आडव्या ओळी, उभे रकाने, प्रत्येक रकान्यात ठरलेलीच गोष्ट, आणि एका वेळी एकच व्यवहार. बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. एकाचं काम पुरतं झालं, शिक्का बसला, की मग दुसऱ्याचं. मध्येच काही बिघडलं तर झालेलं सगळं उलटं फिरवायचं, जणू घडलंच नाही. त्यांनी लगेच रकाने आखायला घेतले. लांबी, रंग, मुकुट, शेपूट.

शेपटीपाशी आमचं अडलं. परीच्या ओळीत शेपटीच्या रकान्यात काय लिहायचं? मी म्हटलं, रिकामं सोडा. बँकवाल्यांनी चष्मा काढला.

"गुरुजी, शेपूट नाही आणि शेपटीबद्दल माहिती नाही, यात फरक आहे."

मी गार पडलो. इतकी वर्षं मुलांना शिकवलं, पण परीच्या शेपटीबद्दल आपली माहिती इतकी अपुरी आहे हे मला कधी जाणवलं नव्हतं. मग लांडग्याचा प्रश्न आला. त्याला शेपूट होती, ती एका शाळेनं हरवली. तेव्हा 'नाही' लिहिलं तर लांडग्यावर अन्याय, आणि 'आहे' लिहिलं तर गिऱ्हाइकावर. दुपार गेली. चहा दोनदा झाला. शेवटी बँकवाले म्हणाले की लांडग्यासाठी वेगळा तक्ता करावा लागेल, आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी माझी दाढ दुखायला लागली. शेपटीमुळेच असावी. खाली दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. जिन्यातली बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. माझं तोंड उघडं आणि त्यांचं चालू, अशा स्थितीत त्यांनी मला दुसरी जात समजावली. रकानेबिकाने विसरा, म्हणाले. प्रत्येक वस्तूचं एक गाठोडं बांधायचं आणि त्यात तिचं जे काही असेल ते टाकायचं. वाघाच्या गाठोड्यात शेपूट, परीच्या गाठोड्यात पंख, राजाच्या गाठोड्यात मिशा. ज्याचं त्याचं गाठोडं वेगळं, कुणावर सक्ती नाही. मला विचारायचं होतं की उद्या 'मिशा असलेले सगळे काढा' म्हटलं तर गाठोडी एकेक सोडत बसायचं का. पण तोंडात त्यांची तीन हत्यारं होती. मी 'आ' म्हटलं. त्यांनी तो होकार धरला.

तिसरा आला माझा भाचा. त्याला घरात ढग म्हणतात, कारण कुठलीही गोष्ट कुठे ठेवायची असं विचारलं की तो सांगतो, क्लाउडवर. तो ज्या कंपनीत आहे तिथे कोट्यवधी लोक आपल्या फोनवर कुठे बोट ठेवतात, किती वेळ ठेवतात आणि का उचलतात, याची नोंद होते. हे ऐकून मी पहिल्यांदा माझं बोट फोनवरून उचललं. त्याला बिग डेटा म्हणतात, असं त्यानं सांगितलं. एका यंत्रात न मावणारी माहिती. ती अनेक यंत्रांत वाटून ठेवतात, आणि प्रत्येक गोष्टीच्या तीन-तीन प्रती, म्हणजे एक यंत्र मेलं तरी काम थांबत नाही.

मुलांनो, हे जरा नीट समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. अशी कल्पना करा, की घरात तीन आत्या आहेत. तिघी तीन गावांत राहतात. घरातली प्रत्येक बातमी तिघींनाही माहीत असते, कारण त्या सारख्या एकमेकींना फोन करतात. त्यामुळे तुम्ही कुठल्याही आत्याला विचारा, ती तत्काळ आणि ठाम उत्तर देते. आता एखादे दिवशी फोन बंद पडला, तर आत्या काय करेल? मला माहीत नाही, असं म्हणेल? तुमची आत्या म्हणत असेल तर तिला माझा नमस्कार सांगा. नेहमीची आत्या तिला शेवटचं जे ठाऊक आहे तेच छातीठोकपणे सांगते. पुढे कधीतरी तिघी भेटतात आणि सगळं जुळवून घेतात. तोवर जगात तीन सत्यं असतात.

ढगानं दुकान बघितलं, खुंट्या बघितल्या, चिंध्या बघितल्या आणि कपाळाला हात लावला. मग माझ्या बाजूला खुर्ची ओढून त्यानं मला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न मी जन्मभर विसरणार नाही.

"मामा, मध्येच लाइन गेली तर काउंटरनं काय करायचं? थांबा म्हणायचं, की हो म्हणायचं?"

आमच्या घरात दाराशी आलेल्याला नाही म्हणत नाहीत. माझ्या आजोबांनी म्हटलं नाही, वडिलांनी म्हटलं नाही. साखर मागायला आलेल्याला ताटकळत ठेवणं हा तर नाही म्हणण्यापेक्षाही मोठा गुन्हा. मी मान ताठ करून सांगितलं, "हो म्हणायचं."

सूनबाई पऱ्यांना इस्त्री करत होती. तिथूनच ती म्हणाली, "पण बाबा, अस्वल एकच आहे ना?"

ढग हसला. "वहिनी, एकच अस्वल ही आजची स्थिती आहे. उद्या तुमची हजार अस्वलं असतील."

मी थक्क होऊन त्या मागच्या खोलीकडे बघत राहिलो. हजार अस्वलं कुठे टांगायची, हा विचार माझ्या मनात आला होता, पण मोठ्या गोष्टींत असे क्षुद्र विचार करायचे नसतात म्हणून मी तो गिळला.

मग नोंदणी. त्या यंत्रणेच्या कंपनीच्या अर्जात पहिलाच प्रश्न होता, दर सेकंदाला किती व्यवहार होतात. आमच्याकडे दुपारी एखादी बाई येते, आणि ती सुद्धा बऱ्याचदा फक्त आरसा बघायला. पण अर्जात सर्वांत लहान पर्याय 'हजारापर्यंत' असा होता. तो निवडला. पुढचा प्रश्न, आपण किती देशांत काम करता. तिथे शून्य लिहू देईना आणि एक लिहिलं तर 'आपण नक्की मोठे व्हाल' असा संदेश यायचा. अर्ज भरून संपला तेव्हा मी स्वतःच्याच दुकानाला जरा बिचकायला लागलो होतो.

व्याह्यांच्या दुकानात इंटरनेटची लाइन नव्हती. ती घ्यायला मी त्या कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनानं विचारलं, या दुकानात आधी लाइन होती का? म्हटलं, नव्हती. तर म्हणाले, मग या जागी लाइन नसल्याचा दाखला आणा. तो कोण देतं? तर तेच देतात, पण शेजारच्या खिडकीवर. शेजारच्या खिडकीवर कुणी नव्हतं. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. मग पहिल्याच खिडकीतले गृहस्थ उठले, आतून फिरून दुसऱ्या खिडकीत येऊन बसले आणि म्हणाले, बोला, काय काम आहे? मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ते सगळं अशा कुतूहलानं ऐकलं की मलाच शंका आली, हे जुळे भाऊ तर नाहीत.

पण खरा मानभंग पुढे होता. ढगाचा आग्रह, की प्रत्येक पोशाखाचा फोटो हवा, आणि तोही माणसाच्या अंगावर, म्हणजे माप कळतं. माणूस कुठून आणायचा? मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी. सूनबाई दुकानात. ठिणगीला उभं करावं तर ती हलते. उरलं कोण? ज्या माणसासमोर एके काळी अख्खी शाळा हाताची घडी घालून बसायची, तो माणूस आरशासमोर पंख लावून उभा राहिला. मी परी झालो. ससा झालो. मुकुट घातलेला बेडूक झालो. अस्वलात मावलो नाही, म्हणून अर्धी चेन लावून, तोंड बाहेर काढून फोटो घेतला. ते सगळे फोटो त्या यंत्रणेत गेले आणि तिन्ही ठिकाणी तिन्ही प्रतींत दिसू लागले. यंत्र मेलं तरी ते फोटो मरणार नव्हते. व्याह्यांच्या दुकानात एका सरांनी म्हणे विचारलं, की हे आजोबा पण भाड्यानं मिळतात का. व्याह्यांनी ते मला आनंदानं कळवलं.

हिनं तर नोंदीसाठी घरी ठेवलेल्या टॅबवरचं इंटरनेटच बंद करून ठेवलं. का, तर ती यंत्रणा उघडली की पहिला फोटो परीचा यायचा. सकाळी उठून ते कोण बघणार, असं तिचं म्हणणं. इंटरनेट नसलं तरी नोंद करता यायची, पावती मिळायची. ढगाची यंत्रणा कुणाला नाही म्हणतच नव्हती.

आणि अशा वेळी ठिणगी शाळेतून धावत आली. दप्तर दारात टाकून तिनं जाहीर केलं, की ती या वर्षी झाड नाही. ती अस्वल आहे. नाटकात चोर येतात, झाडांखाली मधाची मडकी लपवतात, आणि मग अस्वल येतं आणि गुरगुरतं. सबंध नाटक त्या गुरगुरण्यावर उभं आहे. तिनं आम्हाला गुरगुरून दाखवलं. खालून दातांच्या डॉक्टरांनी वर येऊन विचारलं, कुणाला दुखतंय का.

ती दुकानात गेली, टाचा उंच करून काउंटरपाशी उभी राहिली आणि रीतसर नोंद केली. पावती घेतली. मग आत जाऊन चिंधीवर स्वतःचं नाव लिहायला लागली. मी तिला जवळ घेऊन समजावलं, की बाळ, आता याची गरज नाही, चिंध्यांचा जमाना गेला. ती बराच वेळ पिन हातात धरून अस्वलाच्या कानाकडे बघत होती. मग तिनं पिन परत डब्यात टाकली. मुलं शिक्षकावर विश्वास ठेवतात, हा जगातला सर्वांत भीतीदायक नियम आहे.

पुढचे दिवस ती रोज अस्वलाला भेटायला जायची. झोपेत गुरगुरायची. मी कौतुकानं बँकवाल्यांना ते सांगायचो. ते विचारायचे, लांडग्याचं काय ठरलं?

ठिणगीनं नोंद केली त्याच सकाळी तिकडे व्याह्यांच्या दुकानासमोर रस्ता खणला गेला होता. कशासाठी, ते खणणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या पहारीखाली नवी लाइन गेली. म्हणजे आता एक आत्या खणलेल्या रस्त्यामुळे मुकी, दुसरी माझ्या परीच्या फोटोमुळे मुकी आणि तिसरी दुकानात. तिघींपैकी कुणाचं कुणाशी बोलणं नाही, आणि तिघी येईल त्याला हो म्हणतायत. परीक्षेआधीच्या शेवटच्या शनिवारी सगळ्या शाळांची नाटकं असतात. त्या शनिवारच्या सकाळी हिला एका बाईंना पावतीची प्रत पाठवायची होती, म्हणून तिनं इंटरनेट चालू केलं. व्याह्यांची लाइनही नेमकी त्याच सकाळी जोडली गेली. तिन्ही आत्या भेटल्या. दुकानातल्या पडद्यावर एक हिरवी खूण आली आणि खाली शांतपणे लिहून आलं, की सर्व नोंदी जुळल्या आहेत.

आणि दारात ते तिघं उभे.

एक बाई, हातात हिची पावती. एक सर, हातात व्याह्यांची पावती. त्यांच्याबरोबर एक मुलगा, केस ओले करून चापून बसवलेला, दोन्ही हात सरांच्या बाहीत. आणि आमची ठिणगी, गालांवर काजळानं काढलेल्या मिशा. बाईंनी माझ्याकडे बघितलं, ओळखल्यासारखं हसल्या आणि म्हणाल्या, "परी ना तुम्ही?"

मी पडद्याकडे बघितलं. पडद्यावर अस्वलाच्या नावापुढे फक्त सरांची शाळा होती. ठिणगीची नोंद नव्हती. बाईंची नव्हती. जणू त्या कधी झाल्याच नव्हत्या. मी लगेच ढगाला फोन लावला. तो म्हणाला, बरोबर आहे मामा, भांडण झालं तर शेवटची नोंद खरी धरतात, आधीच्या पुसतात, यंत्रणा उत्तम चाललीय. शेवटी बोलेल त्याचं खरं. हा नियम आमच्या घरात पूर्वीपासून आहे, पण त्यासाठी कुणी अर्ज भरून घेतला नव्हता.

मी सूनबाईंकडे बघितलं. ती मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "शब्द तिघांना गेलाय."

ठिणगीला हे सगळं समजायला वेळ लागला नाही. तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ती भोकाड पसरणार. पण ती आधी शत्रूची ताकद अजमावायला निघाली. बाईंसमोर जाऊन तिनं विचारलं, "तुमचं अस्वल काय करतं?"

बाई म्हणाल्या, गुहेत झोपलेलं असतं.

"आणि मग?"

मग पडदा पडतो, बाई म्हणाल्या.

"नुसतं झोपतं? मग अस्वल कशाला? रजई चालेल." ठिणगी तुच्छतेनं म्हणाली.

बाई रागावतील म्हणून मी पुढे झालो. पण त्या विचारात पडल्या. मग सूनबाईंना म्हणाल्या, तपकिरी रजई आहे का हो? होती. वर उंदराचे कान शिवून दोन टाक्यांत झोपलेलं अस्वल तयार झालं. बाई गेल्या.  इतक्या सल्लागारांतून, इतक्या प्रश्नांतून, दर सेकंदाला किती व्यवहार आणि किती देश यातून, तुमचं काम काय आहे हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

आता ठिणगी त्या ओल्या केसांच्या मुलासमोर उभी राहिली. "तुझं काय करतं?"

मुलगा सरांकडे बघायला लागला. सर म्हणाले, तो फारसा बोलत नाही. दरवर्षी त्याला झाड करतात. या वर्षी त्यानं स्वतःहून हात वर केला.

"नाचतं," मुलगा अगदी हळू म्हणाला. "आणि हरवतं. मग रडतं."

ठिणगीनं आपली पावती दुमडून मुठीत धरली.  सूनबाई खुंटीवरून अस्वल काढून घेऊन आली होती. ती खाली वाकली आणि लेकीला म्हणाली, "चिंधी टोचली असती तर पहिली तुझीच असती. अस्वल तुझं आहे. तू सांगशील तसं."

ठिणगीनं अस्वलाचा टाका घातलेला कान धरला. एकदा सोडला, परत धरला. मग ते सबंध धूड तिनं त्या मुलाच्या हातांत कोंबलं.

"चेन अर्ध्यात अडकते," ती म्हणाली. "तिथे पोट आत घ्यायचं. आणि रडताना डोकं हलवू नकोस, कान निघेल. मला काय, गुरगुरायला लोकर लागत नाही."

हे म्हणताना तिचा आवाज नीट होता. पण सर आणि तो मुलगा कोपऱ्यावरून वळल्यावर ती मागच्या खोलीत गेली आणि पऱ्यांच्या मागे बराच वेळ दिसली नाही. बाहेर आली तेव्हा मिशा गालभर पसरल्या होत्या. तिनं कोपऱ्यातल्या ढिगातून एक झाड उचललं. मी चेन लावायला गेलो तर म्हणाली, राहू द्या आजोबा, याची मला सवय आहे.

संध्याकाळी आम्ही सगळे शाळेच्या सभागृहात बसलो. माझ्या एका बाजूला बँकवाले, एका बाजूला व्याही, मागे ढग. पडदा उघडला. मागे रांगेनं झाडं. डावीकडून तिसरं आमचं. चोर आले, त्यांनी मडकी लपवली. मग एक चोर ओरडला, "अस्वल आलं, अस्वल आलं." आणि कुणीच आलं नाही. विंगेतून ठिणगीच्या वर्गाच्या बाई हातवारे करत होत्या. चोर एकमेकांकडे बघायला लागले. 

डावीकडून तिसरं झाड एक पाऊल पुढे आलं. मग दुसरं पाऊल. मधोमध येऊन ते उभं राहिलं, फांद्या वर केल्या आणि गुरगुरलं. असं गुरगुरलं की बँकवाल्यांच्या हातातला चष्मा खाली पडला. चोर खरोखर मागे सरले. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. सबंध सभागृह आ वासून त्या झाडाकडे बघत होतं.

मग त्या झाडानं मागे वळून, इतकी वर्षं आपल्याबरोबर गप्प उभ्या राहिलेल्या बाकीच्या झाडांकडे पाहिलं आणि एक फांदी हलवली. आणि सगळं जंगल गुरगुरलं.